इकडची टोपी तिकडे: क्रेडिट कार्डाची बॅलन्स ट्रान्सफर सेवा, हिशेब मांडून

एका बँकेच्या क्रेडिट कार्डावरची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर न्यायची आणि काही दिवस कमी व्याज भरायचे, ही बॅलन्स ट्रान्सफरची सोय. अ‍ॅपमध्ये 'ऑफर्स'च्या ढिगाऱ्यात ती कुठेतरी असतेच, आणि थकबाकी वाढली की तिचे मेसेज जास्त यायला लागतात. निकाल आधीच सांगून टाकू. लग्न, दवाखाना, नोकरीतला खंड अशा एखाद्या कारणाने रक्कम एकदाच अडकली असेल आणि सहा महिन्यांत ती फेडण्याइतका पगार हातात येत असेल, तर या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे. दर दोन महिन्यांनी कार्ड बदलून तेच कर्ज फिरवत ठेवायचे असेल तर एक तारा. वेलकम बोनससाठी कार्डे घ्यायची आणि वर्षभरात टाकून द्यायची, या उद्योगाला अर्धा, तोही कोरा कागद वाईट दिसतो म्हणून.

आता हिशेब. सगळीकडे एक लाख रुपयांचेच उदाहरण घेतले आहे, म्हणजे आपली रक्कम बसवून बघता येईल.

काहीच केले नाही तर

बहुतेक मोठ्या बँकांच्या साध्या कार्डांवर थकबाकीचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के आहे. ३.७५ टक्के धरला तर वर्षाचे ४५. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाला महिन्याचे ३,७५० रुपये व्याज आणि ६७५ रुपये कर, एकूण ४,४२५. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, साधारण ५ टक्के असते. ५,००० रुपये भरून 'या महिन्याचे झाले' असे वाटते, पण त्यातले ४,४२५ व्याज-करात गेले आणि मुद्दल उतरले ५७५ रुपयांनी. शिवाय थकबाकी मागे राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते. किराण्याचे बिलही ज्या दिवशी कार्ड घासले त्या दिवसापासून व्याज खाते.

या दराला कायद्याची मर्यादा असेल अशी आशा काही जण अजून धरून आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. तेव्हा ४५ टक्के भरायचे नसतील तर बाहेर पडण्याची वाट आपणच शोधायची.

दोन प्रकारच्या योजना

बाजारात मुख्यतः दोन रूपे दिसतात. पहिले, ठरावीक दिवस शून्य टक्के व्याज आणि सुरुवातीलाच प्रोसेसिंग फी. दुसरे, फी नाही किंवा नाममात्र, पण दरमहा दीड-दोन टक्क्यांच्या आसपास व्याज, तीन महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत, बहुधा हप्त्यांत. एसबीआय कार्डाची परिचित रचना अशीच आहे: ६० दिवस शून्य टक्के आणि २ टक्के फी, नाहीतर १८० दिवस दरमहा १.७ टक्के आणि फी नाही. किमान ५,००० रुपये, आणि वर लिमिटच्या ७५ टक्क्यांपर्यंत. हे आकडे ग्राहकागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. आपल्या लॉगिनमध्ये आपल्या नावापुढे दिसेल तोच दर धरायचा. शेजाऱ्याला मिळालेला किंवा जाहिरातीतला नाही.

साठ दिवसांची योजना लाखाला २,००० रुपये फी आणि ३६० रुपये जीएसटी, म्हणजे २,३६० रुपयांत पडते. जुन्या कार्डावर त्याच दोन महिन्यांत सुमारे ८,८५० रुपये गेले असते. साडेसहा हजारांची बचत झाली, वाईट नाही. पण साठ दिवस ट्रान्सफरच्या तारखेपासून मोजतात, स्टेटमेंटपासून नाही. मध्ये पगार दोनदाच होतो. त्या दोन पगारांत लाखातले सत्तर हजार फिटले तर उरलेल्या तिसावर एकसष्टाव्या दिवसापासून नेहमीचा दर लागतो. दिवाळीचा बोनस, मुदत संपणारी एफडी, गावाकडच्या जागेच्या व्यवहाराचे येणे असे काही ठरलेल्या तारखेला हातात पडणार असेल, त्यांनीच ही निवडावी.

सहा महिन्यांची योजना पगारदार माणसाला जास्त मानवते. १.७ टक्क्यांनी लाखाचा सहा महिन्यांचा हप्ता साधारण १७,६७० रुपये बसतो. एकूण व्याज ६,०३० च्या आसपास आणि त्यावर जीएसटी सुमारे १,०९०. एकंदर खर्च ७,१२०. तेवढाच हप्ता जुन्या कार्डावर भरत राहिले तर सातवा महिना उजाडतो आणि व्याज-करापोटी १७,७०० रुपयांच्या आसपास जातात. दहा हजारांचा हा फरक खरा आहे, आणि साडेतीन तारे त्याचेच आहेत.

उरलेला दीड तारा कशाने गेला ते आता पाहू. 'दरमहा १.७ टक्के' ऐकायला किरकोळ वाटते, पण वर्षाचे ते २०.४ टक्के होतात आणि जीएसटी धरून २४ टक्क्यांच्या वर जातात. पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नसतो. कार्डावरच्या हप्त्यांच्या व्याजावर असतो. हा मुद्दा अ‍ॅपच्या कॅल्क्युलेटरमध्ये सहसा तळाशी, बारीक टाइपात सापडतो.

प्रत्यक्षात कसे होते आणि कुठे अडते

मागणी नव्या बँकेकडे करायची, म्हणजे जिच्या कार्डावर कर्ज न्यायचे तिच्याकडे. जुन्या कार्डाचा नंबर, बँकेचे नाव आणि रक्कम द्यावी लागते. दोन्ही कार्डे एकाच माणसाच्या नावावर हवीत आणि दोन वेगळ्या बँकांची हवीत. नवी बँक पैसे बहुधा एनईएफटीने थेट जुन्या कार्डाच्या खात्यात जमा करते. काही वेळा ते आपल्या बचत खात्यात येतात आणि तिथून आपण भरायचे असतात. या दुसऱ्या पद्धतीत पैसे खात्यात दिसले की त्यांना पाय फुटतात, म्हणून आले त्याच दिवशी भरून टाकावेत.

पहिली अडचण तारखांची. मागणी टाकल्यापासून पैसे पोचेपर्यंत तीन-चार कामाचे दिवस सहज जातात, मध्ये शनिवार-रविवार किंवा सण आला तर आठवडा. या काळात जुन्या कार्डाची ड्यू डेट येत असेल तर मिनिमम ड्यू आपल्या खिशातून भरायचेच. 'बॅलन्स ट्रान्सफर टाकली आहे' हे जुन्या बँकेला माहीत नसते आणि त्याचे तिला सोयरसुतकही नसते. सुरक्षित वेळ म्हणजे जुन्या कार्डाचे स्टेटमेंट आल्याबरोबर, ड्यू डेटला दोन-अडीच आठवडे शिल्लक असताना.

दुसरी अडचण शेपटाच्या व्याजाची, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. स्टेटमेंटवर १,००,००० लिहिले होते, बरोबर तेवढेच नव्या बँकेने भरले, म्हणून जुने कार्ड शून्य झाले असे धरून चालतात. पण स्टेटमेंटच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतचे व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येते. बारा दिवस लागले तर ४५ टक्क्यांनी सुमारे १,४८० रुपये व्याज आणि २६६ जीएसटी, म्हणजे साडेसतराशेच्या घरात. कार्ड कपाटात, ॲप काढून टाकलेले, मेल 'प्रमोशन्स'च्या टॅबमध्ये, म्हणून ही बाकी दिसतच नाही. मग लेट फी, तिच्यावर जीएसटी, आणि क्रेडिट रिपोर्टवर थकीत दिवसांची नोंद. लाखाचे कर्ज नीट हलवलेल्या माणसाचा रिपोर्ट सतराशे रुपयांनी डागाळतो. यावर उपाय सोपा आहे. ट्रान्सफरच्या दिवशी कस्टमर केअरला 'अनबिल्ड (अजून बिलात न आलेली रक्कम) धरून आजची एकूण बाकी' विचारा, जास्तीची रक्कम स्वतः भरा, आणि पुढची दोन स्टेटमेंटे शून्याची येईपर्यंत जुने अ‍ॅप फोनमध्ये ठेवा. नवा खर्च मात्र त्या कार्डावर करू नका.

रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत इथे थोडा श्वास आहे. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच बँकेला लेट फी लावता येते आणि खाते थकीत म्हणून क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) कळवता येते. ती फीसुद्धा न भरलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. हे तीन दिवस चुकून राहिलेल्यांसाठी आहेत. त्यांच्यावर विसंबून नियोजन करू नये, कारण व्याज तेव्हाही चालूच असते.

तिसरी अडचण नव्या कार्डावरची. कर्ज आणलेल्या कार्डावर खरेदी करायची नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. कारण भरलेले पैसे कशात आधी वळते होतात याचा क्रम अटींमध्ये असतो, आणि अनेक ठिकाणी तो असा आहे: आधी कर, हप्ते, फी, व्याज, मग बॅलन्स ट्रान्सफरची रक्कम, त्यानंतर खरेदी, शेवटी रोख काढलेले पैसे. शून्य टक्क्याचे कर्ज आधी फिटते आणि ३.७५ टक्क्यांची खरेदी तशीच कुजत राहते. बँकेच्या दृष्टीने हा क्रम किती सोयीचा आहे हे वेगळे सांगायला नको. महिन्याचा खर्च त्या काळात यूपीआय, डेबिट कार्ड किंवा तिसऱ्या, पूर्ण भरल्या जाणाऱ्या कार्डावर करावा.

शून्य टक्के असले तरी मिनिमम ड्यू दर महिन्याला येतेच. ते एकदा चुकले की अनेक योजनांमध्ये सवलतीचा दर रद्द होऊन उरलेल्या रकमेवर नेहमीचा दर सुरू होतो. ऑटो-डेबिट लावा आणि पूर्ण हप्त्याचे लावा. लिमिटही तेवढे अडकते: दोन लाखांच्या कार्डावर लाख आणले की वापरायला लाखच उरते, आणि हप्ता भरेल तसे ते सुटते. हप्त्यांची योजना मध्येच बंद करायची तर फोरक्लोजर फी असते, बहुधा उरलेल्या मुद्दलाच्या ३ टक्क्यांच्या आसपास अधिक जीएसटी. म्हणून 'बारा महिन्यांचे घेऊ, जमले तर चार महिन्यांत फेडू' हा बेत करताना ती फी आधी मांडून बघा.

कर्ज नुसते फिरवत ठेवले तर?

कागदावर हे गणित मोहात पाडते. दर साठ दिवसांनी २.३६ टक्के, वर्षात सहा वेळा, म्हणजे १४.१६ टक्के. सहा महिन्यांच्या योजनेच्या २४ पेक्षा कमी! म्हणजे दोन कार्डांत लाख रुपये वर्षभर ये-जा करत ठेवायचे. हे प्रत्यक्षात कोलमडते, कारण ऑफर हा हक्क नसतो. ज्याची थकबाकी कमी होत नाही त्याच्या अ‍ॅपमधून ती तिसऱ्या फेरीला गायब होते, लिमिट कापले जाते किंवा दर चढतो. आणि ते बहुधा शून्य टक्क्याची मुदत संपायच्या आठवड्यात कळते. शिवाय फी दर वेळी कर्जातच मिळत जाते. वर्षअखेर मुद्दल तितकेच्या तितके आणि वर चौदा हजार. या वापराला एक तारा दिला, तो पहिल्या फेरीत वाचलेल्या पैशांचा.

स्कोअरचे काय होते

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ते देतात तो क्रेडिट स्कोअर ३०० ते ९००. ७५० च्या वर असला की बँका सहसा कपाळाला आठ्या घालत नाहीत. सूत्र कोणत्याही ब्युरोने उघड केलेले नाही. त्यामुळे 'एका अर्जाला अमुक अंक उतरतात' असे छातीठोक सांगणाऱ्या व्हिडिओंकडे करमणूक म्हणून बघावे. दिशा मात्र पक्की माहीत आहे.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणून स्कोअरला ना शिक्षा ना बक्षीस. आधीपासून असलेल्या दोन कार्डांमध्ये रक्कम हलवली तर एकूण कर्ज तेवढेच आणि एकूण लिमिट तेवढेच राहते. फरक पडतो तो तिच्याभोवती केलेल्या गोष्टींनी.

उदाहरणार्थ, दीड लाख लिमिटच्या एकमेव कार्डावर एक लाख बाकी आहे. लिमिटचा वापर ६७ टक्के, बँकांना न आवडणारा. दोन लाखांचे नवे कार्ड घेऊन बाकी तिकडे नेली तर एकूण लिमिट साडेतीन लाख, वापर २८.६ टक्के. नव्या अर्जाच्या चौकशीने आणि नव्या खात्याने थोडा फटका बसतो, पण वापर खाली आल्याने हप्ते वेळेवर गेले तर काही महिन्यांत चित्र आधीपेक्षा बरे दिसते. आता याच माणसाने 'कटकट नको' म्हणून जुने कार्ड बंद केले की वापर एका झटक्यात ५० टक्के. ट्रान्सफर चालू असताना जुने कार्ड बंद करू नका, हा सल्ला यासाठी. अपवाद एकच: हातात कार्ड असले की खर्च होतोच, अशी स्वतःची खात्री असेल तर स्कोअर गेला खड्ड्यात, कार्ड बंद करा.

३० टक्क्यांच्या आत वापर ठेवा हे सगळे सांगतात. तो अंदाजाचा आकडा आहे, ३१ ला काही दरवाजा बंद होत नाही. पण रिपोर्टमध्ये लिमिटचा रकाना नीट भरलेला आहे ना, ते एकदा उघडून बघा. तो रिकामा असेल तर वापराचे सगळे गणितच बिघडते.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला, १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती, ब्युरोंना कळवणे बंधनकारक झाले. याचा ट्रान्सफरशी थेट संबंध आहे. नव्या कार्डावर १३ तारखेला लाख नावे पडले आणि जुन्यावर १७ ला जमा झाले, तर १५ तारखेच्या चित्रात दोन्हीकडे लाख-लाख. पुढच्या पंधरवड्यात ते आपोआप सुधारते, पण नेमके मधल्या काळात गृहकर्जाची फाइल टाकली असेल तर अधिकारी दोन लाखांचे कर्ज बघतो. गृहकर्ज घ्यायचे आहे त्यांनी किमान दोन पंधरवडे आधी हे सगळे उरकावे, आणि अर्जाआधीच्या सहा महिन्यांत नव्या कार्डाचा फॉर्म भरू नये.

अर्ज केला की चौकशीची नोंद होते, कार्ड मिळो वा न मिळो. एका महिन्यात चार बँकांचे फॉर्म भरले की तो माणूस पैशांच्या शोधात वणवण करतोय असे रिपोर्ट सांगतो. मॉलमध्ये 'सर, फक्त एलिजिबिलिटी बघतो' म्हणणाऱ्या एजंटला पॅन नंबर देताना हे लक्षात ठेवावे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर मात्र काहीही फरक पडत नाही, आणि प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चार ब्युरो, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक मागवला तर वर्षभर पैसे न देता लक्ष राहते. मंजूर झालेले कार्ड अ‍ॅक्टिव्हेटच केले नाही तर त्या खात्याची माहिती ब्युरोला देता येत नाही. चौकशीची नोंद तेवढी उरते.

बोनससाठी कार्डे घेणे-टाकणे

'चर्निंग' नावाची ही कल्पना अमेरिकेतून आली आहे आणि न्यू जर्सी किंवा बे एरियातले भाऊ-बहिणी सुट्टीवर आले की ती जेवणाच्या टेबलावर येते. त्यांचे त्यांच्याकडे बरोबर आहे. तिथे बॅलन्स ट्रान्सफर १२ ते २१ महिने शून्य टक्क्याने मिळते, फी एकदाच ३ ते ५ टक्के. वेलकम बोनस शेकडो डॉलरचे असतात. तिथल्या बँकांनीही कुंपणे घातली आहेत: चेसमध्ये २४ महिन्यांत पाच नवी कार्डे घेतलेल्याला सहसा कार्ड मिळत नाही, अमेरिकन एक्स्प्रेस एका कार्डाचा बोनस साधारण आयुष्यात एकदाच देते. फायको या तिथल्या क्रेडिट स्कोअरमध्ये नव्या कर्जाचा वाटा दहा टक्के आहे हे तिथे जाहीर आहे. म्हणून तिथला माणूस आकडेमोड करून खेळू शकतो.

इथे त्या खेळाला पटच नाही. २,९९९ रुपये जॉइनिंग फीचे कार्ड जीएसटीसह ३,५३९ ला पडते आणि वेलकम म्हणून तीन हजारांच्या आसपासचे व्हाउचर मिळते, तेही एखाद्या ठरावीक दुकानाचे. अतिरिक्त बोनससाठी ६० किंवा ९० दिवसांत अमुक खर्चाची अट असते, आणि त्यातून भाडे, पेट्रोल, वॉलेट, सरकारी भरणा बहुधा वगळलेला असतो. अट पूर्ण करायला नको असलेला मोबाइल घेतला जातो. भाड्याच्या नावाने मेव्हण्याच्या खात्यात पैसे पाठवून परत घेण्याची वाट बँकांनी एक टक्क्याची फी लावून आणि पॉइंट बंद करून केव्हाच अरुंद केली. तरीही करणाऱ्याचे कार्ड 'व्यक्तिगत नसलेला वापर' म्हणून ब्लॉक होते आणि साठलेले पॉइंटही जातात.

आणि एवढे करून पणाला काय लागते? सरकारी बँकांचे, त्यात बँक ऑफ महाराष्ट्रही आली, गृहकर्जाचे दर सिबिल स्कोअरच्या टप्प्यांशी जोडलेले आहेत. ५० लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ८.५० टक्क्यांनी घेतले तर हप्ता ४३,३९१, आणि ८.७५ ने ४४,१८६. महिन्याला ७९५ रुपये, वीस वर्षांत एक लाख ९० हजारांवर. पाच-सहा व्हाउचरांसाठी टप्पा घसरवणे हा व्यवहार कोणत्याही दुकानदाराला पटणार नाही. ज्याचे गृहकर्ज झालेले आहे, ज्याला पुढची पाच वर्षे कर्ज घ्यायचे नाही आणि जो प्रत्येक बिल पूर्ण भरतो, त्याने वर्षाला एखादे चांगले कार्ड घेतले तर कोणाचे बिघडत नाही. त्याला चर्निंग म्हणणे मात्र अतिशयोक्ती.

बॅलन्स ट्रान्सफरच्या आधी हे विचारा

वर्षभराची गरज असेल तर पर्सनल लोन तपासा. लाखाला १४ टक्क्यांनी बारा महिन्यांचे व्याज ७,७४५, दोन टक्के फी जीएसटीसह २,३६०, एकूण १०,१०५. तेच १.७ टक्क्यांच्या बारा महिन्यांच्या ट्रान्सफरला व्याज ११,३९० आणि जीएसटी धरून साडेतेरा हजारांच्या जरा आत. याच दरांनी सहा महिन्यांतही लोन थोडे स्वस्त पडते, वर्षाला तर स्पष्टच जिंकते. नोकरीत पगारदारांची सहकारी पतसंस्था असेल तर तिचा दर आधी विचारावा. हप्ता पगारातूनच कापला जातो, विसरायचा प्रश्न नाही. पण अनेक पतसंस्थांची परतफेड ब्युरोकडे जात नाही, म्हणून तिथे चोख वागल्याने स्कोअर सुधारेल ही अपेक्षा ठेवू नये. सोनेतारण कर्जही कार्डापेक्षा खूपच स्वस्त. घरात तो विषय काढायचे धैर्य हवे एवढेच.

वसुलीवाल्याने 'साठ टक्के भरा, सेटल करू' म्हटले तर ते बॅलन्स ट्रान्सफरपेक्षा स्वस्त दिसते. रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि वर्षानुवर्षे राहतो. पुढे गृहकर्ज मागताना बहुतेक बँका आधी ती रक्कम भरून 'क्लोज्ड' करून आणायला सांगतात. फेडायची कुवत खरेच संपली असेल तरच त्या वाटेला जावे.

सगळे फिटल्यावर जुने कार्ड बंद करायचे असेल तर

वार्षिक फी नसलेले जुने कार्ड शक्यतो ठेवा, त्याचे वय स्कोअरला उपयोगी पडते. वर्षातून एक-दोनदा छोटे बिल भरा, कारण वर्षभराहून जास्त न वापरलेले कार्ड बँक ३० दिवसांची सूचना देऊन बंद करू शकते. फी असलेले बंदच करायचे असेल तर आधी पॉइंट वापरून टाका, ओटीटी आणि विम्याचे ऑटो-पे दुसरीकडे न्या, बाकी शून्य करा, मगच मागणी टाका. मागणी मेलने किंवा अ‍ॅपमधून करा, म्हणजे तारीख हातात राहते. फोनवर केली तर रेफरन्स नंबर घ्या, आणि 'फी माफ करतो, ठेवा' या आर्जवाला फी कायमची माफ असल्याशिवाय भुलू नका. काही बाकी नसताना सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे आहेत. मागितल्याशिवाय ते सहसा येत नाहीत, म्हणून मेलमध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा उल्लेख करून मागावेत.

महिना-दीड महिन्याने रिपोर्ट काढून बंद झाल्याची तारीख आणि शून्य बाकी दोन्ही रकाने तपासा. चूक दिसली तर ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँक किंवा ब्युरोकडून महिनाभरात दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, ती फुकट असते. मराठीत विचारायचे असेल तर १४४४८ वर फोन लावा, आणि आधीच्या तक्रारीचा नंबर व तारीख समोर ठेवा. त्यांच्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.